मधल्या नावाची जागा

ज्या घरात बारावीला मूल असतं, त्या घरात जानेवारी महिना कसा जातो हे इथल्या आपल्या माणसांना सांगायला नको. डायनिंग टेबलावर जेवायला जागा उरत नाही. कॉलेजांची चकचकीत माहितीपत्रकं, टॅक्सचे कागद, अर्जांचे गठ्ठे, आणि या सगळ्याच्या मधोमध चष्मा कपाळावर चढवून बसलेला बाप. शिकागोजवळच्या शॉमबर्गच्या राजाराम गजभियेच्या घरीही १९९८चा जानेवारी असाच उजाडला होता. फरक एवढाच, की टेबलाशी बसलेला माणूस बाप नव्हता, काका होता.

राजाराम गजभिये म्हणजे आपल्या मंडळींचा ‘फॉर्मवाला’. नोकरी मशीनचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत, क्वालिटी खात्यात; पण खरा जीव फॉर्ममध्ये. कुणाचा पासपोर्ट संपलाय, कुणाला आईवडिलांना बोलवायचंय, कुणाला सिटिझनशिप घ्यायचीय, की मंडळी रविवारी त्याच्या बेसमेंटमध्ये हजर. काळ्या शाईचं बॉलपेन, कॅपिटल अक्षरं, आणि अक्षराचा पाय चौकटीला लागता कामा नये. त्याचे नियम दोनच होते. एकही रकाना मोकळा सोडायचा नाही आणि एकाही रकान्यात खोटं लिहायचं नाही. हे तो तालुक्याच्या कचेरीत शिकला होता. मॅट्रिकला असताना जातीच्या दाखल्यासाठी तीन दिवस रांगेत उभा राहिला, आणि चौथ्या दिवशी कारकुनानं एका मोकळ्या रकान्यापायी अर्ज तोंडावर फेकला. त्यानं पुन्हा भरला, पुन्हा रांग लावली. पुढे त्याच दाखल्यानं शिष्यवृत्ती आणली, इंजिनिअरिंग आणलं, अमेरिका आणली. अशा माणसाचा कागदावर विश्वास बसला तर त्यात नवल नाही.

त्या शनिवारी सकाळी त्याच्यासमोर सुमेधाचा कॉलेजच्या सरकारी मदतीचा अर्ज होता. सुमेधा त्याच्या थोरल्या भावाची मुलगी, वर्गात पहिल्या पाचांत, फार्मसी करायची म्हणून हटून बसलेली. तिनं अर्ज स्वतःच भरून आणला होता, काकांनी शिकवल्याप्रमाणे. फक्त दुसऱ्या ओळीत एक जागा पांढरी होती.

“काका, सोशल सिक्युरिटी नंबरचा रकाना मोकळा राहतोय,” ती म्हणाली.

राजारामनं चष्मा खाली ओढला, पाहिलं, आणि बघतो सोमवारी फोन करून असं म्हणून अर्ज बाजूला सरकवला. शेजारी सिरियल खात बसलेली त्याची बारा वर्षांची लेक आन्या इंग्रजीत म्हणाली, त्यात काय, माझा नंबर टाका! त्यावर तिला दुसऱ्याचा नंबर वापरणं हा केवढा गुन्हा असतो यावर पाच मिनिटं ऐकावं लागलं. सुमेधानं पेनाला टोपण लावलं. सोळाव्या वर्षी मैत्रिणी ड्रायव्हिंग लायसन्स काढायला गेल्या तेव्हाही काकांनी ‘काय घाई आहे, मी सोडतो की’ म्हणून विषय असाच बाजूला सरकवला होता.

हा सरकारी नंबर इथं रीतसर राहणाऱ्यालाच मिळतो. आता सुमेधाचा रकाना मोकळा का, ते सांगितलं पाहिजे. राजारामचा भाऊ श्रीराम त्याच्याहून चार वर्षांनी मोठा. त्यानं शाळा अर्ध्यावर सोडून नागपूरला गिरणीत नोकरी धरली म्हणून राजारामचं शिक्षण झालं. हे राजाराम कधीच विसरला नाही. १९८६ साली एका लग्नाहून परतताना जीप उलटली आणि श्रीराम आणि त्याची बायको दोघंही गेली. मागे सहा वर्षांची सुमेधा राहिली. पुढच्या वर्षी राजारामची आई नातीला घेऊन शॉमबर्गला आली, दोघीही सहा महिन्यांच्या व्हिजिटर व्हिसावर. सहा महिन्यांनी आई परत गेली. पोर मात्र काकूला इतकी बिलगली होती की शाळेचं वर्ष तेवढं होऊ दे, असं ठरलं. वर्ष व्हायच्या आत आई वारली. मग पोरीला कुणाकडे पाठवायचं हा प्रश्नच उरला नाही. शाळेनं पत्ता विचारला, लसी विचारल्या, व्हिसा कुणी विचारला नाही. दिवस गेले, वर्षं गेली.

वाट नव्हती असं नाही. १९९० साली एका वकिलानं राजारामला स्पष्ट सांगितलं होतं, की मुलगी सोळा वर्षांची व्हायच्या आत कोर्टात रीतसर दत्तक घ्या, पुढचं सगळं सरळ होईल. राजाराम कौंटी, म्हणजे जिल्हा कोर्टातून कागद घेऊन आला, बॉलपेन काढून टेबलाशी बसला आणि भरत भरत एका ओळीपाशी आला. दत्तक घेतल्यानंतरचं नाव. आपल्याकडे मुलाच्या नावापुढे बापाचं नाव येतं. सुमेधा श्रीराम गजभिये. आता ती होणार सुमेधा राजाराम गजभिये. पेन तिथंच थांबलं. ज्या भावानं आपल्यासाठी शाळा सोडली, त्याचं जगात एवढंच नाव उरलंय, आणि ते मी माझ्या हातानं पुसू? त्यानं कागद ड्रॉवरमध्ये टाकले. सुजाता, त्याची बायको, दर वर्षी आठवण करायची. दर वर्षी तो म्हणायचा, कागदावर लेक करून काय वेगळं होणार आहे, आहेच की आपली. त्याच हट्टापायी त्यानं तिला ‘बाबा’ म्हणायलाही शिकवलं नव्हतं. तिचा बाप श्रीराम होता, तोच राहिला पाहिजे. पुढे १९९३ मध्ये स्वतः सिटिझन झाल्यावर त्याला वाटलं, आता काका म्हणून आपण अर्ज करू शकू. वाटलं तेवढंच. ज्यानं शंभर जणांचे फॉर्म भरले, त्यानं हे कुणाला विचारलं नाही. विचारायचं तर ती पोर ‘त्यातली’ आहे हे आधी स्वतःशी कबूल करावं लागलं असतं.

कारण ‘त्यातल्यां’बद्दल, म्हणजे कागद नसलेल्यांबद्दल, राजारामचं मत पक्कं होतं. इथल्या आपल्या लोकांच्या मंडळाची शिष्यवृत्ती समिती त्याच्याकडे होती. बारावी होणाऱ्या मुलांना बाबासाहेबांच्या जयंतीला ही शिष्यवृत्ती द्यायची. त्या वर्षी फॉर्मवर त्यानं एक नवा रकाना घातला: अर्जदार कायदेशीर रहिवासी असावा, स्टेटस लिहावे. संजीव रामटेके समितीतला दुसरा. तो एका रविवारी जेवायला आला होता, तेव्हा पेपरात नव्या कायद्याच्या धरपकडीची बातमी होती. राजाराम पोळीचा तुकडा हातात धरून बोलत राहिला. मी ग्रीन कार्डसाठी नऊ वर्षं रांगेत उभा होतो, लेबर सर्टिफिकेटपासून सगळं केलं. हे इल्लीगल लोक मागल्या दारानं येतात आणि पुन्हा हक्क सांगतात. यांनी रांगेत उभं राहावं, बाकी काही मागणं नाही. संजीवनं मान डोलावली.

सुमेधा त्याच टेबलाशी बसली होती. तिनं विचारलं, “काका, ज्यांना लहानपणी आणलं, त्यांनी कुठल्या रांगेत उभं राहायचं?”

“ते त्यांच्या आईबापांनी बघायला नको होतं का?” राजाराम म्हणाला आणि त्यानं लोणच्याची बाटली पुढे ओढली.

सुजाताच्या हातातला डाव आमटीच्या भांड्यातच राहिला. तिनं नवऱ्याकडे पाहिलं. त्याच्या लक्षातही आलं नव्हतं. तो ढोंग करत नव्हता, हे तुम्ही समजून घ्या. त्याच्या डोक्यात इल्लीगल म्हणजे रेस्टॉरंटच्या मागच्या दारी उभी असलेली परकी माणसं होती. आपल्या घरात, आपल्या ताटाशेजारी बसलेली आपली पोर त्या शब्दात मावते, हे त्याच्या मनाला शिवलंच नव्हतं.

फेब्रुवारीच्या दुसऱ्या रविवारी समितीची बैठक लायब्ररीतल्या एका खोलीत भरली. राजाराम, संजीव आणि दीपा वासनिक. दीपा तिशीच्या आतली. चौथ्या वर्षी आईबापांबरोबर कागदोपत्री रीतसर आलेली. आता शिकागोत एका संस्थेत इमिग्रेशनची वकील होती. पाकिटं फोडून अर्ज मोठ्यानं वाचायचे आणि मग तिघांनी चर्चा करायची अशी राजारामची पद्धत. पाच अर्ज झाले. सहावा त्यानं उचलला. काळी शाई, कॅपिटल अक्षरं, अक्षराचा पाय कुठेही चौकटीला लागलेला नाही. अर्ज बघूनच तो खूश झाला आणि वाचू लागला. नाव, सुमेधा श्रीराम गजभिये. घरचं नाव आलं तरी तो थांबला नाही. आपल्या घरच्या अर्जावर आपण मत द्यायचं नाही, तेवढं तो म्हणाला, आणि त्याच सुरात पुढे गेला. शाळा. गुण. आवडीचा विषय. स्टेटस.

“इल्लीगल,” त्यानं वाचलं.

त्यानं तो रकाना पुन्हा पाहिला. मोकळा सोडायचा नाही म्हणून सोडला नव्हता. खोटं लिहायचं नाही म्हणून लिहिलं नव्हतं. त्याचेच दोन्ही नियम त्याच्याच हातात आले होते. संजीवनं घाईघाईनं घड्याळ पाहिलं आणि चहा आणतो म्हणून उठला. दीपानं हात पुढे करून अर्ज घेतला, वाचला, आणि सुमेधाची जन्मतारीख काय, एवढंच विचारलं.

वीस मार्च एकोणीसशे ऐंशी. म्हणजे सोळा वर्षं पूर्ण होऊन दोन वर्षं होत आली होती.

घरी आल्यावर राजाराम रागावला नाही. रागावण्याचं बळच उरलं नव्हतं. सुमेधा सोफ्यावर अभ्यास करत होती. मला आधी सांगितलं का नाहीस, असं त्यानं विचारलं.

“तीनदा सांगितलं, काका,” ती म्हणाली. “लायसन्सच्या वेळी, समर जॉबच्या वेळी, आणि परवा कॉलेजच्या अर्जाच्या वेळी. मग विचार केला, काका फॉर्म नीट वाचतात.”

सुजाता मागे उभी होती. इतक्या वर्षांच्या संसारात तिनं नवऱ्याला पहिल्यांदा खाली मान घालून बसलेलं पाहिलं, आणि तिला त्याची दया आली नाही. तिला स्वतःचाच राग आला होता. दर वर्षी आठवण करून देणं म्हणजे आपलं कर्तव्य झालं, असं तीही समजत आली होती.

पुढच्या मंगळवारी सगळी दीपाच्या ऑफिसात गेली. तिथं दोन तासांत एकेक दार बंद होत गेलं. काकाच्या नात्यानं पुतणीसाठी अर्ज करता येत नाही, तसा कुठलाच फॉर्म नाही. दत्तक आता घेतलं तर ती घरात लेक होईल, पण इमिग्रेशनच्या लेखी होणार नाही, कारण सोळावं उलटलं. सात वर्षं इथं राहिलेल्या माणसाची कहाणी ऐकून न्यायाधीशाला पूर्वी थोडी दया दाखवता यायची. गेल्या एप्रिलपासून नव्या कायद्यानं ती वाट अशी आवळली की सुमेधासारखीला त्यातून जाताच येऊ नये. आणि वीस मार्चला ती अठरा वर्षांची झाली की घड्याळ सुरू होणार होतं. एकशे ऐंशी दिवसांत देश सोडला नाही, तर त्यानंतर गेल्यावर तीन वर्षं परत येण्याची बंदी. वर्ष काढलं तर दहा वर्षांची.

राजारामनं सगळं ऐकून घेतलं. मग ड्रॉवरमधून आणलेले जुने कागद त्यानं दीपापुढे ठेवले आणि त्या ओळीवर बोट ठेवून आपलं कारण सांगितलं. दादाचं नाव पुसायचं नव्हतं, म्हणाला.

दीपानं तो कागद जवळ घेतला. तिनं तो शेवटपर्यंत वाचला.

“काका, याच्या खाली बारीक अक्षरात लिहिलंय बघा. नाव बदलायचं असल्यास. इफ एनी. बदलणं कंपल्सरी नव्हतं. हा रकाना तुम्ही मोकळा सोडला असता तर तिचं नाव होतं तेच राहिलं असतं. सुमेधा श्रीराम. आणि आज ती सिटिझनची मुलगी असती.”

काय वाटलं असेल त्या माणसाला! आयुष्यभर ज्यानं रकाना मोकळा सोडू नका म्हणून लोकांना दटावलं, त्याची पोर एका मोकळ्या रकान्यानं वाचली असती. त्यानं ती ओळ दोनदा वाचली. आठ वर्षांपूर्वी वाचली असती तर एकदा पुरे झाली असती. सुमेधानं त्याच्या हातावर हात ठेवला. त्यानं तो काढून घेतला. त्या स्पर्शाला आपण लायक नाही असं त्याला वाटलं.

तरीही माणसाची सवय लगेच सुटत नाही. पायऱ्या उतरताना तो म्हणाला, की चुकलं माझं, पण कायदा हा कायदा आहे, तो पाळला नाही म्हणून ही वेळ आली, रांग सोडली की असंच होतं. दीपा त्यांना पोचवायला खाली आली होती. ती थांबली.

“राजाराम काका, ही रांग कुठे लागते? आय ॲम सिरियस. मी पाच वर्षं हेच काम करते, मला अजून सापडली नाही. ॲड्रेस द्या, मी सुमेधाला उद्या सकाळी ड्राइव्ह करून नेते आणि उभी करते.”

राजारामनं खिशात गाडीची किल्ली चाचपली.

“मी लहान असल्यापासून चौदा एप्रिलला तुमचं भाषण ऐकतेय,” दीपा पुढे म्हणाली. “जन्मावरून माणसाचा दर्जा ठरवू नका, कारण जन्म कुणी निवडत नाही. हिनं काय निवडलं होतं? सात वर्षांची होती, आजीनं हात धरला, विमानात बसवलं. तिला विंडो सीट हवी होती, एवढंच तिनं मागितलं असेल.”

“ते खरं, पण कायदा मी केलेला नाही,” तो म्हणाला.

“कायदा सरकारचा आहे, काका. शिष्यवृत्तीचा फॉर्म तुमचा आहे. तो रकाना घालायला तुम्हाला कुणी सांगितलं होतं? तुमच्याकडे दाखला मागितला म्हणून तुम्ही तीन दिवस रांगेत उभे राहिलात, आणि तुमच्या हातात पेन आल्यावर तुम्ही पहिल्यांदा काय केलंत? तुम्हीही दाखला मागितलात.”

राजाराम गाडीत जाऊन बसला. घरी आल्यावर त्यानं कोटही न काढता टेबलावरचा शिष्यवृत्तीचा फॉर्म घेतला आणि स्टेटसच्या रकान्यावर पट्टी धरून आडवी रेघ ओढली. रेघ अगदी सरळ आली. पण तिनं सुमेधाचं काही होणार नव्हतं, हे त्याला त्याच क्षणी कळलं.

जयंतीला सुमेधाला शिष्यवृत्ती मिळाली. म्हटल्याप्रमाणे राजारामनं मत दिलं नाही, संजीव आणि दीपानं दिलं. टाळ्या झाल्या, फोटो निघाला. राज्याच्या विद्यापीठानं प्रवेशही दिला, पण परदेशी विद्यार्थिनी म्हणून, आणि तिच्याकडे परदेशी विद्यार्थिनीचा व्हिसाही नव्हता. इथं तिला परदेशी म्हणत होते आणि परदेशी असल्याचा कागदही द्यायला कुणी तयार नव्हतं. शिष्यवृत्ती मंडळाकडेच ठेवली गेली, ती परत येईपर्यंत.

मधल्या काळात आपल्या लोकांनी सल्ले द्यायचे सोडले नाहीत. एका मावशींनी तर सरळ सुचवलं, की अठराची झालीय, एखाद्या सिटिझन मुलाशी लग्न लावून टाका, वर्षात ग्रीन कार्ड. सुजातानं त्यांना चहा न देता निरोप दिला. पण नंतर स्वयंपाकघरात तिनंही सुमेधाला दबक्या आवाजात विचारलंच, कुणी आवडतो का गं. सुमेधा हसली. मग हसता हसता तिचे डोळे भरले. मला कुणीतरी आवडल्यावर लग्न करायचंय, काकू, फॉर्म भरायला नाही, म्हणाली. सुजातानं तिला जवळ घेतलं आणि तो विषय पुन्हा काढला नाही.

एकशे ऐंशीवा दिवस सोळा सप्टेंबरला येत होता. राहायचं की जायचं, हे राजारामला ठरवता येईना. राहिली तर लपून राहायचं, नोकरी नाही, लायसन्स नाही, आणि एकदा गेली तर दहा वर्षं दार बंद. गेली तर निदान व्हिसा मागता येईल. ऑगस्टच्या एका दुपारी सुमेधानंच सांगितलं, की मी जाते. नागपूरला सुलेखा मावशी आहे, तिच्याकडे राहीन. आणि मग ती म्हणाली, अगदी साधेपणानं, टोमणा न मारता:

“रांगेत उभी राहून बघते, काका. तुम्ही म्हणता ना.”

ती टोमणा मारत असती तर बरं झालं असतं, असं राजारामला वाटलं.

पाच सप्टेंबरला ओहेअर विमानतळावर सगळी गेली. काउंटरवरच्या बाईनं पासपोर्ट उघडला. नव्या पासपोर्टमध्ये सुजातानं जपून ठेवलेलं, अकरा वर्षांपूर्वीचं छोटं पांढरं कार्ड होतं, सहा महिन्यांनी देश सोडायचा असं सांगणारं. बाईनं ते काढून घेतलं आणि बोर्डिंग पास दिला. आन्याला काय चाललंय ते पुरतं कळत नव्हतं. ती पुन्हा पुन्हा इंग्रजीत विचारत होती, मी जाऊ शकते आणि येऊ शकते, मग ताई का नाही, आम्ही दोघी एकाच घरात वाढलो ना? सुमेधा तिला कवटाळून बराच वेळ उभी होती. काकूच्या पाया पडली. मग राजारामच्या पाया पडायला वाकली, तेव्हा त्यानं तिला मध्येच धरलं.

“मला एकदा बाबा म्हणशील?” त्यानं विचारलं.

सुमेधानं त्याच्याकडे पाहिलं. तिच्या ओठांवर शब्द येऊन थांबला. “आता नाही जमत, काका,” ती म्हणाली. “सवयच नाही.” आणि त्याच्या खांद्यावर डोकं टेकून रडली. मग बॅग उचलून आत गेली.

डिसेंबरात तिनं विद्यार्थ्याच्या व्हिसासाठी अर्ज केला. अमेरिकन वकिलातीबाहेर पहाटेपासून रांगेत उभी होती, खरोखरच्या रांगेत. खिडकीवरच्या अधिकाऱ्याला दोन मिनिटं लागली. दहा वर्षं तिथं परवानगीशिवाय राहून आलीस, पुन्हा गेलीस तर परतशील याची काय खात्री? नकाराचा शिक्का बसला. दीपानं इथून जे जे करता येईल ते केलं. काही झालं नाही.

मार्चमध्ये सुमेधाचं पत्र आलं. मराठीत होतं, चुका होत्या, पण अक्षर तेच, चौकटीला पाय न लागणारं. तिनं लिहिलं होतं, की इथं कॉलेजात प्रवेशासाठी दाखले लागतात. बाबांचे जुने कागद सुलेखा मावशीच्या पेटीत सापडले. माझ्या मधल्या नावामुळे एक दाखला लगेच मिळाला, जातीचा. क्लार्क म्हणाला, वडिलांचं नाव जुळतंय, काही अडचण नाही. पण फार्मसीसाठी डोमिसाइलचा दाखलाही मागतात, म्हणजे मी पंधरा वर्षं महाराष्ट्रात राहिले असा. मी इथं सात वर्षं राहिले आणि तिथं अकरा. तिथली मला तिथली मानत नाहीत, इथली इथली मानत नाहीत. पोरी माझ्या मराठीला हसतात. मावशी चांगली आहे, काळजी करू नका. आणि शेवटी होतं:

“अर्जात एक रकाना आहे, ‘कुठले रहिवासी’. तुम्ही शिकवलंत की मोकळा सोडायचा नाही आणि खोटं लिहायचं नाही. मी खूप विचार केला, पण दोन्ही एकदम जमत नाही. काय लिहू ते कळवा.”

त्या वर्षीच्या जयंतीला राजाराम भाषणाला उभा राहिला, पण नेहमीचं भाषण त्यानं केलं नाही. त्यानं हे पत्र वाचून दाखवलं. मग तो एवढंच बोलला, की मी तेवीस वर्षं या देशात इल्लीगल हा शब्द वापरत आलो आणि तो माझ्या घरात जेवत होता. मी भावाचं नाव जपलं आणि भावाची मुलगी घालवली. माझा हट्ट आणि माझा तिरस्कार, दोघांनी मिळून तिचं नुकसान केलं, कायद्यानं उरलेलं केलं. सभागृहात दोन बायका हुंदके देत होत्या. नंतर पार्किंगमध्ये एक ओळखीचं जोडपं त्याच्यापाशी आलं आणि खालच्या आवाजात म्हणालं, की आमच्याकडेही बहिणीचा मुलगा आहे, पंधरा वर्षांचा. राजारामनं त्यांना तिथल्या तिथे, गाडीच्या बॉनेटवर कागद ठेवून, दीपाचा नंबर लिहून दिला.

बंधू-भगिनींनो, ही कहाणी सांगण्याचं कारण हेच आहे. तुमच्या घरात, नात्यात असं एखादं लेकरू असेल तर ते आपलंच आहे म्हणून गप्प बसू नका. त्याचं वय मोजा, जाणकाराला विचारा, आणि कागदावरची बारीक अक्षरं वाचा. आणि ज्यांच्याकडे कागद नाही, त्यांच्याबद्दल जेवताना बोलण्याआधी टेबलाभोवती कोण बसलंय ते एकदा बघा. ज्या समाजानं दाखल्यासाठी दारोदार हात पसरले, त्यानं दुसऱ्याच्या लेकराकडे दाखला मागू नये. कायदा बदलायला किती वर्षं लागतील कुणास ठाऊक. कदाचित आपल्या हयातीत बदलणारही नाही. आपला फॉर्म मात्र आपल्याच हातात असतो.

सुमेधाच्या पत्राला राजारामनं अजून उत्तर पाठवलेलं नाही. कागद डायनिंग टेबलावर आहे. वर काळ्या शाईत तारीख आहे, ‘प्रिय सुमेधा’ आहे. त्याखाली त्याला अजून काही लिहिता आलेलं नाही.